विकरांचा गणिती : जे. बी. एस. हॉल्डेन

आपण तोंडात घास घेतो आणि तो नीट चावून होईपर्यंत त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. विरजण लावलेले दूध सकाळपर्यंत दही होऊन बसते. माडाची सूर घालून ठेवलेले सान्नांचे पीठ रात्रीतून फुगून भांड्याच्या काठाशी येते. या सर्व घडामोडींमागे एकाच जातीचे कारागीर असतात. त्यांना विकरे म्हणतात. शास्त्रीय पुस्तकांतून एंझाइम हे नावही आढळते. विकर म्हणजे बहुधा एक प्रथिन असते. अमिनो आम्लांच्या मण्यांची लांब माळ ठराविक घड्या घालून गुंडाळावी, तसा त्याचा रेणू असतो. त्या घड्यांमध्ये एक खाच असते. तीत विशिष्ट पदार्थाचा रेणू येऊन बसतो, तेथे मोडतो किंवा जुळतो, आणि बाहेर पडतो. विकर मात्र जसेच्या तसे राहून पुढच्या रेणूची वाट पाहते.

हा पाठ चालू असता एका विद्यार्थिनीने आम्हांस एक प्रश्न विचारला होता. प्रत्येक विकर जर एकाच कामाला वाहिलेले असेल, तर नवनवी कामे करणारी विकरे या पृथ्वीवर आली कोठून? जुने काम टाकून एखादे विकर नवे काम शिकू लागले, तर ते शिकून होण्यापूर्वीच तो जीव मरून जाणार नाही काय? आम्ही कलाशाखेचे पदवीधर. विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे त्या दिवशी वर्गावर गेलो होतो. आम्हांस उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही ज्या पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो, त्याच्यापाशीही विज्ञानाची पदवी नव्हती, हे वाचून आम्हांस किंचित धीर आला, हे येथे कबूल केले पाहिजे.

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडातील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. खाणींतील विषारी वायू, खोल पाण्यातील दाब, कोंदट खोल्यांतील हवा हे त्यांचे विषय. आणि प्रयोगासाठी त्यांना सर्वांत जवळचा प्राणी म्हणजे स्वतःचा देह व त्यानंतर स्वतःचा मुलगा! एकदा त्यांनी लहानग्या जॉनला कोळशाच्या खाणीत नेले, छताशी ज्वालाग्राही वायू साठलेल्या जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. भाषण फारसे पुढे सरकले नाही तोच मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. जमिनीलगत मात्र हवा चांगली होती. तो वायू हवेहून हलका असतो, हा धडा त्यास पुन्हा कोणी शिकवावा लागला नाही. तेराव्या वर्षी त्याने पाणबुड्याचा पोशाख चढवून स्कॉटलंडच्या समुद्रात बुडी मारली. पोशाख मापाला मोठा असल्यामुळे आत पाणी शिरत होते, तरी ठरलेला वेळ तो खालीच राहिला. आजच्या पालकांनी या शिक्षणपद्धतीचे अनुकरण करू नये, एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

आठ वर्षांचा असताना वडिलांबरोबर तो एका सायंव्याख्यानास गेला. विषय होता मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांचा. ते नियम नुकतेच, म्हणजे १९०० साली, विस्मृतीतून वर आले होते. पुढे धाकटी बहीण नेओमी हिच्या साहाय्याने त्याने घरी गिनिपिग पाळून त्यांच्या रंगांच्या वंशावळी मांडल्या. ही नेओमी पुढे नेओमी मिचिसन या नावाने लेखिका म्हणून गाजली. भाऊबहीण व स्प्रंट नावाचा एक मित्र अशा तिघांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध १९१५ साली छापून आला. दोन गुण जोडीने वारशात उतरतात, हे सस्तन प्राण्यांत त्यात दाखविले होते. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा स्प्रंट महायुद्धात मारला गेलेला होता आणि हॉल्डेन खंदकात होते.

ईटनच्या शाळेत त्यांचा मोठ्या मुलांनी फार छळ केला. ऑक्सफर्डला त्यांनी आरंभी गणित घेतले आणि पदवी मिळविली ती ग्रीक व लॅटिन वाङ्मयात. लागलीच १९१४ चे युद्ध आले. जर्मनांनी १९१५ साली ईप्र येथे क्लोरीन वायू सोडला, तेव्हा वडिलांनी मुलास आघाडीवरून बोलावून घेतले आणि मुखवटे पारखण्यासाठी दोघांनीही बंद खोलीत तो वायू छातीत घेतला. पुढे मेसोपोटेमियाच्या आघाडीवर ते जखमी झाले व प्रकृती सुधारण्यासाठी त्यांना हिंदुस्थानात धाडण्यात आले. या देशावर त्यांचे मन बसले. परंतु येथील लोकांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल, तेव्हाच परत यावयाचे, असे त्यांनी मनाशी ठरविले. तो योग यावयास चाळीस वर्षे लागली.

युद्धानंतर ते शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. रक्तातील आम्लता वाढली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतः अमोनियम क्लोराइडचे पाणी पिऊन दिवसचे दिवस धापा टाकीत काढले. १९२३ साली केंब्रिज येथे फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या हाताखाली ते जीवरसायनशास्त्राचे रीडर झाले, आणि येथे विकरांशी त्यांची गाठ पडली.

त्या काळी विकरे प्रथिनांची असतात की नाही, हेही ठरलेले नव्हते. अमेरिकेत सम्नर यांनी १९२६ साली एक विकर स्फटिकरूपात वेगळे करून ते प्रथिन असल्याचे दाखविले, तरी कित्येक वर्षे तज्ज्ञ ते मान्य करीनात. विकर डोळ्यांना दिसत नव्हते. दिसत होता तो त्याच्या कामाचा वेग. मिखाएलिस आणि मॉड मेंटेन या दोघांनी १९१३ साली त्या वेगाचे एक सूत्र बसविले होते. कच्चा पदार्थ विकराला येऊन चिकटतो आणि पुन्हा सुटतो, यांत समतोल साधलेला असतो, असे गृहीत धरून ते सूत्र निघाले होते. हॉल्डेन यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रिग्ज यांच्या सहकार्याने १९२५ साली एक छोटेखानी टिपण लिहिले आणि हे गृहीत सैल केले. पोस्टातील तिकिटांच्या खिडकीचे उदाहरण घ्यावे. खिडकीशी येणारे लोक तिकीट न घेता परत फिरतातच असे नाही. बरेचसे तिकीट घेऊन पुढे जातात. कामाची घडी एकदा बसली, की जितके लोक खिडकीशी येतात तितकेच तेथून हलतात आणि खिडकीशी असलेल्यांची संख्या स्थिर राहते. एवढे मानले तरी सूत्राचे रूप तेच राहते. आतील स्थिरांकाचा अर्थ मात्र अधिक व्यापक होतो. रांग कितीही वाढली तरी कारकुनाच्या हाताला एक मर्यादा असते, हेही त्याच सूत्रातून निघते. पाऊणशेहून अधिक वर्षे महाविद्यालयांतून विद्यार्थी हे गणित ब्रिग्ज व हॉल्डेन यांच्या रीतीने सोडवीत आले आहेत.

१९३० साली विकरांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एमिल फिशर यांनी १८९४ साली विकर आणि पदार्थ यांना कुलूप व किल्ली यांची उपमा दिली होती. हॉल्डेन यांनी तीत एक मार्मिक दुरुस्ती सुचविली. किल्ली कुलपात अगदी तंतोतंत बसत नसावी. कुलूप तिला थोडा ताण देत असावे, आणि त्या ताणामुळेच पदार्थाचा रेणू मोडावयास सोपा जात असावा. रेणूंची घडण पाहण्याचे साधन हाती नसताना केलेला हा तर्क पुढे १९४६ च्या सुमारास लायनस पॉलिंग यांनी अधिक स्पष्ट केला आणि तो आज विकरशास्त्राच्या पायाशी आहे.

इकडे १९२७ पासून ते एका उद्यानसंशोधन संस्थेतही जात असत. तेथे फुलांच्या रंगांवर रोझ स्कॉट-मॉनक्रीफ या विदुषी काम करीत होत्या. एक जनुक बदलले की रंगद्रव्याच्या रेणूत एकच रासायनिक फरक पडतो, असे त्यांत दिसून येऊ लागले. विकर आणि जनुक या दोन वेगळ्या वाटा; त्या एकाच माणसाच्या मेजावर येऊन मिळाल्या. जनुक विकर घडविते, ही गोष्ट प्रयोगाने पक्की केली ती बीडल आणि टेटम यांनी, १९४१ साली. परंतु त्यापूर्वीच हॉल्डेन यांचे मन त्या दिशेने चालले होते, आणि विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथेच आहे.

उत्क्रांतीची कारणे सांगणारे त्यांचे पुस्तक १९३२ साली निघाले. डार्विनचा निसर्गनिवडीचा सिद्धांत आणि मेंडेलचे नियम यांची सांगड गणिताने घालणाऱ्या तिघांत फिशर व राइट यांच्या जोडीने हॉल्डेन यांचे नाव घेतले जाते. त्या पुस्तकात त्यांनी असे दाखवून दिले की, एखाद्या जनुकाची जादा प्रत निर्माण होणे हे उत्क्रांतीस उपकारक ठरू शकते. कारण एक प्रत जुने काम सांभाळीत असता दुसरीत बदल झाले तरी जीवाची हानी होत नाही. नदीकाठच्या गावात एकच नावाडी असेल, तर त्याने सुतारकाम शिकावयास गाव सोडून जाणे गावास परवडत नाही. नावाड्याला दोन मुलगे झाले आणि दोघेही नाव वल्हवू लागले, तर मात्र एकाला मोकळीक मिळते. हा विचार एकट्या हॉल्डेन यांनाच सुचला होता, असे नव्हे. मुलर आदी शास्त्रज्ञही त्याच सुमारास तसेच बोलत होते. पुढे १९७० साली सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

परंतु या उत्तरात एक छिद्र आहे. रिकामा बसलेला धाकटा मुलगा सुतार होईपर्यंत त्याला पोसणार कोण? जनुकांत सतत लहानसहान बिघाड होत असतात. ज्या प्रतीवर कशाचीच जबाबदारी नाही, तिच्यातले बिघाड निसर्ग निवडून काढीत नाही आणि ती नवे काम शिकण्याआधीच निकामी होते. हॉल्डेन यांना हे ठाऊक होते. बिघडत्या जादा प्रतींचे गणित त्यांनी स्वतःच १९३३ साली मांडले.

ही अडचण सुटली ती त्यांच्या निधनानंतर पुष्कळ वर्षांनी. विकरे आपण समजतो तितकी एकनिष्ठ नसतात, हे हळूहळू ध्यानात आले. खाचेत नेहमीच्या पदार्थासारखा दुसरा रेणू चुकून शिरला, तर त्याच्यावरही ते थोडेबहुत काम करून टाकते. जेन्सन यांनी १९७६ साली या सैलपणाला नव्या विकरांचा उगम मानले. आमचा नावाडी आपली फुटकी नाव स्वतःच डागडुजी करून वापरतो. म्हणजे ओबडधोबड सुतारकाम त्याला आधीपासून येतच असते! गावात सुताराची गरज पडली, की त्याची ती अडाणी कारागिरी लगेच उपयोगी पडते आणि असे चारदोन नावाडी असले तर अधिकच बरे. म्हणजे जादा प्रत पहिल्या दिवसापासून रिकामी नसते. स्वीडन व अमेरिका येथील शास्त्रज्ञांनी २०१२ साली साल्मोनेला जातीच्या जंतूंवर हे प्रत्यक्ष करून दाखविले. हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल बनविण्यातला एक टप्पा सांभाळणारे एक विकर त्यांनी घेतले. एका बदलामुळे ते ट्रिप्टोफॅन या दुसऱ्या अमिनो आम्लाच्या कामीही थोडेसे येत होते. ही दोन्ही आम्ले आयती मिळणार नाहीत अशा पाण्यात जंतू वाढू दिले. प्रथम त्या जनुकाच्या प्रती वाढल्या. मग प्रतीप्रतींत फरक पडत गेले. आणि ३००० पिढ्यांच्या आत काही कुळांत एक प्रत एका कामात तर दुसरी दुसऱ्या कामात तरबेज झाली. काही कुळांत मात्र दोन्ही कामे बऱ्यापैकी करणारे एकच विकर तयार झाले. जंतूंच्या पिढ्या तासातासाने उलटतात, म्हणून हे माणसाला एका आयुष्यात पाहता आले.

आपल्या सह्याद्रीतील काळ्या तोंडाच्या वानराचे उदाहरण तर आम्हांस याहूनही प्रिय वाटते. आपल्या आसवांत लायसोझाइम नावाचे विकर असते. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली ते शोधून काढले. सुमारे १३० अमिनो आम्लांची ही माळ जंतूंची भिंत तोडून त्यांचा नाश करते. गाय आणि वानर हे दोघेही पाने खाणारे. त्यांच्या पोटाच्या पुढील भागात जंतू पाने आंबवितात, आणि पुढे त्या जंतूंनाच पचवून हे प्राणी पोषण मिळवितात. जंतू फोडण्याचे हे काम लायसोझाइमवरच सोपविले गेले आहे. पण आसवांतले विकर पोटातल्या आम्लात टिकावे कसे? स्ट्युअर्ट, शिलिंग व विल्सन यांनी १९८७ साली दोघांच्या माळा ताडून पाहिल्या, तेव्हा एकमेकांशी दूरचेच नाते असलेल्या या दोन प्राण्यांत काही नेमक्या त्याच जागी तेच मणी बदललेले आढळले. गायीपाशी या जनुकाच्या सुमारे दहा प्रती आहेत. तेथे हॉल्डेन यांचा तर्क लागू पडतो. वानराने मात्र एकाच जनुकावर भागविले आहे. जादा प्रत नेहमीच लागते असे नाही, ही पुस्ती या वानराने जोडली.

आता चरित्राकडे वळू. १९३३ साली हॉल्डेन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला तसे ते साम्यवादाकडे झुकले. कम्युनिस्टांच्या दैनिकात त्यांनी कामगारांसाठी सोप्या भाषेत शेकडो विज्ञानलेख लिहिले. १९३९ साली थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ माणसे गुदमरून मेली, तेव्हा चौकशीसाठी ते साथीदारांसह पोलादी पेटीत कोंडून बसले. नौदलासाठी पुढे केलेल्या अशाच प्रयोगांत त्यांना आचके येऊन पाठीचे मणके दुखावले. ते दुखणे जन्मभर राहिले.

अशा निधड्या छातीच्या माणसाकडून एक गोष्ट मात्र झाली नाही, आणि ती लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. रशियातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव यांच्या निमंत्रणावरून हॉल्डेन १९२८ साली तेथे जाऊन आले होते. त्याच वाविलोव यांना १९४० साली अटक झाली आणि जानेवारी १९४३ मध्ये सारातोवच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. जनुक ही वस्तूच खोटी, असे म्हणणाऱ्या लिसेंकोला राजाश्रय मिळाला व १९४८ साली त्या देशात जनुकशास्त्र शिकविण्यावरच बंदी आली. ज्या शास्त्रात हॉल्डेन यांचे सारे आयुष्य गेले, तेच तेथे गुन्हा ठरले. इंग्लंडातील इतर शास्त्रज्ञ उघडपणे बोलले. हॉल्डेन मात्र पक्षनिष्ठेपायी शब्द तोलीत राहिले. लिसेंकोच्या म्हणण्यातही काही तथ्य असेल, अशी मखलाशी त्यांनी केली. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले, तेही गाजावाजा न करता. क्लोरीन छातीत घेताना ते कचरले नव्हते; मित्रासाठी दोन स्पष्ट वाक्ये उच्चारणे त्यांना त्याहून कठीण गेले. त्यांच्या चाहत्यांना हे वाचवत नाही, आम्हांसही वाचवले नाही.

सुवेझच्या आक्रमणाचा निषेध म्हणून, आणि इतरही काही कारणांनी, १९५७ साली इंग्लंड सोडून ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह भारतात आले. कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या सांख्यिकी संस्थेत त्यांना जागा मिळाली. अंगात सदरा, आहार शाकाहारी. पुढे त्यांनी भारतीय नागरिकत्वही घेतले. महागडी यंत्रे नसतील तर विज्ञान करता येत नाही, ही तक्रार त्यांना मुळीच खपत नसे. त्यांच्या प्रोत्साहनाने एक तरुण शास्त्रज्ञ, डेव्हिस, माडांची पाने डावीकडे वळत चढतात की उजवीकडे, हे मोजीत हिंडला. डाव्या वळणाच्या माडांना नारळ अधिक लागतात, असे त्यास आढळले. आमच्या परसातल्या माडांखालून आम्ही तीस वर्षे ये-जा केली, पण वर मान करून हे कधी पाहिले नव्हते. सुरेश जयकर या तरुण सहकाऱ्याबरोबर १९६३ साली त्यांनी लिहिलेला, बदलत्या परिस्थितीतील निसर्गनिवडीवरील निबंध आजही अभ्यासला जातो. जनुकशास्त्राचे जे नियतकालिक ते संपादित करीत, तेही त्यांनी भारतात आणले.

संस्थेच्या कारभाराशी न पटल्यामुळे १९६१ साली त्यांनी कलकत्त्याची जागा सोडली. ओरिसाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली ते भुवनेश्वरला गेले व तेथे एक लहानशी प्रयोगशाळा उभी राहू लागली. परंतु कर्करोगाने गाठले. लंडनला शस्त्रक्रिया झाली, त्या वेळी इस्पितळातच त्यांनी आपल्या रोगावर एक विनोदी कविता रचली. वेळीच वैद्याकडे जावे, हा तिचा रोख. बी.बी.सी.च्या लोकांनी कॅमेरा आणला, तेव्हा स्वतःचा मृत्युलेखही स्वतःच सांगून ठेवला. मग ते भुवनेश्वरला परतले.

१ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. देहाचे काय करावयाचे, हे त्यांनी आधीच लिहून ठेवले होते. त्याप्रमाणे तो आंध्रातील काकीनाडा येथे, रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी देण्यात आला.